पुटपुटणारं घर

माझ्या सख्ख्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी एका प्रार्थनेनं विस्कटलं. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि नवीन सून आली की पहिल्या आठवड्यातच कुणी ना कुणी तिला ऐकवतं, तेव्हा इथं लपवण्यात काही अर्थ नाही. प्रार्थना उत्तम होती. आवाज खणखणीत, शब्द निवडक, कुठं अडखळणं नाही, शेवटी आमेन. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि तिरोड्यापासून गोंदियापर्यंत आपल्यासारखी प्रार्थना करणारी दुसरी मुलगी नाही अशी माझी खात्री होती. अशी खात्री असलेल्या मुलीला कुणी कामाला लावून ठेवायला हवं होतं, पण आमच्या घरची माणसं भली होती.

आमचे बाबा चोरखमाऱ्याच्या तलावाच्या नहरावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या धानाला पाणी सोडणारा माणूस. पाण्यावरून भावाभावांची डोकी फुटतात, त्यामुळे पाटकऱ्याला शिव्या पगाराबरोबरच मिळायच्या. बाबा नहराच्या दाराचं चाक फिरवताना ज्याचं शेत त्याचं नाव घेऊन पुटपुटायचे, "बापा, बिसनभाऊच्या धानाले पुरू दे. बापा, त्याच्या तोंडाले जरा लगाम दे." बिसनभाऊ पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून ऐकत असायचे आणि म्हणायचे, "लगामाचं राहू दे, गुरुजी, पाण्याचं जोर लावून मागा." ते पोवार, आम्ही ख्रिस्ती, पण बाबांनी आपल्या शेताचं नाव घेतल्याशिवाय चाक फिरवलेलं त्यांना चालायचं नाही. बाबा गुरुजी वगैरे नव्हते. प्रार्थना करणारा माणूस म्हणून गावानं त्यांना ती पदवी देऊन टाकली होती.

घरात तर सगळेच पुटपुटायचे. ही सवय आजीनं लावली होती. आजी म्हणजे बाबांची आई. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, रविवारच्या उपासनेतलं निम्मं उपदेशपर बोलणं तिच्या डोक्यावरून जायचं, पण तिचं एक म्हणणं होतं की देव घरातलाच माणूस आहे तर त्याच्याशी फक्त जेवणाआधी आणि झोपण्याआधी बोलणं बरं दिसत नाही. म्हणून हात चालू असला की तिचं तोंड चालू. चूल पेटवताना, "बापा, धूर कमी कर." भात वेळताना, "बापा, गिचका नको होऊ देऊ." माय घरामागच्या सांदवाडीत पायानं चालवायच्या ढेकीवर धान कांडायची, पाय खाली गेला की धप्प, आणि वर येताना एक नाव. धप्प, माहेरचा धाकटा भाऊ. धप्प, शेजारची बाळंतीण. धप्प, इंदिराबाईचा ताप. पहाटे जाग यायची ती या आवाजानं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं की गावात आज कोण आजारी आहे. माझी मोठी बहीण सलोमी अंगण सारवताना बोलायची. तिचा आवाज हलका होता, शेणाच्या हाताबरोबर पुढं-मागं जायचा.

आता एवढ्या लहान घरात एवढी माणसं दिवसभर देवाशी मोठ्यानं बोलणार म्हटल्यावर ते दुसऱ्याच्या कानावर पडणारच. पण त्याची एक रीत होती. ती कुणी सांगितलेली नव्हती, तरी घरातलं कुत्रंसुद्धा पाळायचं म्हणा. प्रार्थनेत जे कानावर पडलं ते ऐकलंच नाही असं समजायचं. माय ढेकीवर म्हणायची, "बापा, यायचा राग कमी कर, काल विनाकारण ताट सरकवलं." आणि ज्यांनी ताट सरकवलं ते बाबा समोरच ओसरीत बसून मासे धरायचं जाळं विणत असायचे. मान वर करायचे नाहीत. मात्र त्या दिवशी नहरावरून येताना ते मूठभर झिंगे घेऊन यायचे आणि काही न बोलता चुलीजवळ ठेवायचे. आजीची दाढ ठणकत असली की ती ते देवाला सांगायची, सुनेला नाही. पण दुपारी तिच्या ताटात लाखोळीची डाळ घट्ट न येता पातळ, भात मऊ असा यायचा. कुणी कुणाला विचारत नसे. म्हाताऱ्या झालेल्या मला आता वाटतं की ते सगळे थोडंसं ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोलत असावेत. तेव्हा मला यातलं काहीही कळत नव्हतं. मला वाटायचं, हे लोक अडाणी आहेत.

कारण मी उन्हाळ्यात शिबिराला जाऊन आले होते. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मुलामुलींना तिथं पाठवलं होतं आणि तिथल्या एका उपदेशकांनी अखंड प्रार्थनेवर रोज सकाळी बोलून बोलून माझ्या डोक्यात वारं भरलं. मी नेम घेऊन परत आले की आता प्रार्थनेशिवाय एकही गोष्ट करायची नाही. आणि ती आजीसारखी गिचक्या भाताची नाही, शुद्ध भाषेत, डोळे मिटून, हात जोडून. मिरच्या तोडायला गेले की झाडापुढं उभी राहून, "हे परमकृपाळू स्वर्गस्थ पित्या, या रोपावर तुझा वरदहस्त असो." तोवर कोंबडी वाफ्यात शिरलेली असायची. पेरूच्या झाडावर चढण्याआधी इतक्या भक्तिभावानं प्रार्थना केली की चढताना डोळे उघडायचं राहिलं आणि खरचटून घेतलं. आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वो इस्तर, देवानं डोळे कायले देल्ले?" एस्तेर हे माझं नाव तिच्या तोंडी कधी नीट बसलं नाही. मी तिला क्षमा केली. तशी मी तेव्हा दिवसातून बऱ्याच जणांना क्षमा करत असे.

सलोमीचा डावा कान लहानपणी वाहायचा. पुढं वाहायचा थांबला आणि त्याबरोबर ऐकायचाही थांबला. घरात सगळे तिच्या उजव्या अंगाला बसायचे, हाक मारायची तर उजवीकडून; इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल कुणी बोलायचंही नाही. ती शिवणकाम उत्तम करायची, गाणं सुरात म्हणायची, आणि दिसायला माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी आज पहिल्यांदा लिहून देते. त्या वर्षी गोंदियाहून तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा विनय, एका राईस मिलमध्ये फिटर. वडील नव्हते, आई मार्थाबाई होत्या. त्यानं ताईला नात्यातल्या एका लग्नात पाहिलं होतं आणि ताईनंही त्याला पाहिलं होतं. तिनं काही सांगितलं नाही, पण अंगण सारवताना तिच्या पुटपुटण्यात एक नवीन नाव आलं होतं, आणि त्या नावाशी हात जरा हळू फिरायचा. कानाचं कळवायचं की नाही यावर माय-बाबांचं ठरलं होतं की विचारलं तर सांगायचं. कान कसा आहे हे स्वतःहून विचारणारा पाहुणा कोण असतो, ते त्यांनाच ठाऊक.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी मी अंगणातून जात होते आणि ताई सारवता सारवता म्हणत होती, "बापा, माझ्या कानाचं…" एवढं ऐकलं आणि मी पुढं गेले. मला स्वतःची प्रार्थना करायची घाई होती. पुढचं वाक्य ऐकायला थांबले असते तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. मी माझ्याच मनानं ते पूर्ण केलं, की ताई कान बरा व्हावा म्हणून मागते आहे, आणि बिचारीला नीट मागता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मार्थाबाई आणि विनय बसनं आले. मायनं सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळल्या होत्या, वाटाण्याची भाजी, तांदळाच्या पिठाचे चिले, गुळाचा चहा. मार्थाबाई मोठ्या अंगाच्या, मोकळ्या. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायच्या. त्यांनी सुवारी खाल्ली आणि म्हणाल्या, "ये हात का स्वाद है, पोरीचा आहे का मायचा?" माय म्हणाली पोरीचा, खरं तर मायचा होता. विनय फारसं बोलत नव्हता, पण ताई पाणी घेऊन आली तेव्हा त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला, हे मी पाहिलं. आमच्या मंडळीत मुलगी पाहायचा कार्यक्रमही एखाद्या गीतानं आणि प्रार्थनेनं पुरा करायची रीत आहे. त्यानंतर मुलाला आणि मुलीला विहिरीपर्यंत जाऊन चार शब्द बोलू देणार होते. गीत झालं. प्रार्थना बाबांनी करायची, पण शिबिराहून आलेल्या लेकीचा त्यांना अभिमान, ते म्हणाले, "आमची लहान करील. चांगली करते."

मी उभी राहिले. डोळे मिटले. सुरुवातीला सृष्टीच्या निर्मितीबद्दल आभार मानले, मग पावसाबद्दल, मग पाहुण्यांच्या सुखरूप प्रवासाबद्दल. लोक मध्ये मध्ये "आमेन", "होय प्रभू" म्हणत होते आणि मला चेव येत होता. मग मी म्हटलं, "हे पित्या, तू बहिऱ्यांना श्रवण देणारा आहेस. या मंगल प्रसंगी माझ्या भगिनीच्या डाव्या कानास स्पर्श कर, जो बालपणी वाहत असे आणि ज्याने तिला आता काहीही ऐकू येत नाही. जेणेकरून ती आपल्या पतीचा शब्द दोन्ही कानांनी ऐकेल." यानंतर "आमेन" म्हणणारे सगळे आवाज बंद झाले. मला वाटलं, पवित्र आत्मा उतरला. त्या शांततेनं मी इतकी भारावले की आणखी बरंच काही मागितलं, त्यातलं मला आता आठवत नाही आणि तेवढी कृपा देवानं माझ्यावर केली आहे.

डोळे उघडले तेव्हा माय भिंतीकडे पाहत होती. बाबांचे हात अजून जोडलेलेच होते. मार्थाबाईंनी विचारलं, "कौन सा कान बोली ये?" ताईनं स्वतःच म्हटलं, "डावा." मग तिनं सगळ्यांच्या बशा एकावर एक ठेवल्या आणि आत गेली. विहिरीवर जायचं कुणी काढलं नाही. मार्थाबाई निघताना म्हणाल्या, "कळवतो." विनयनं मागं वळून एकदा दाराकडे पाहिलं, पण दारात मी उभी होते.

मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मी रडून, पश्चात्तापाची एक सुंदर प्रार्थना करून मोकळी झाले असते. आजी तेवढी म्हणाली, आणि तेही मोहरी निवडता निवडता, "डोळे मिटून केली म्हणून चुगली काही दुसरी होत नाही, पोट्टी." मी म्हटलं, मी देवाला सांगत होते. आजी म्हणाली, "देवाले माहीत नव्हतं का? त्या बाईले माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून आवाज आला नाही. ताई सारवत होती, हात पुढं-मागं होत होता, ओठ बंद. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच. मग हळूहळू बाकीचेही सावध झाले. माय ढेकीवर नुसती धप्प धप्प करू लागली, मध्ये नाव नाही. बाबांनी आपलं बोलणं नहरावरच उरकायला सुरुवात केली. आजी चुलीशी बोलायची, पण मी आत आले की थांबायची. आणि घर किती या बोलण्यावर चालत होतं ते तेव्हा कळलं. आजीची दाढ पुन्हा ठणकली, कुणाला समजलं नाही. ती दोन जेवणं अर्धी ठेवून उठली तेव्हा मायनं विचारलं. बाबांना ताप असताना ते तसेच पाण्यात उभे राहिले. ताईला काय वाटतं आहे, गोंदियाच्या निरोपाची वाट पाहते आहे की आशा सोडून बसली आहे, हे ओळखायचा एकच रस्ता आम्हाला ठाऊक होता आणि तो मी बंद केला होता. मीही प्रार्थना सोडून दिली. जिनं एवढं केलं तिनं पुन्हा देवाशी कोणत्या तोंडानं बोलायचं, असा थोडा नाटकी विचार त्यात होता. पण विहिरीवर बादली ओढताना हात वर-खाली झाला की आतून काहीतरी आपोआप सुरू व्हायचं. मी तोंड दाबून धरायची आणि ते पोटात चालूच राहायचं. ना शुद्ध भाषा, ना पित्या. नुसतं "ताई, ताई, ताई". पहिल्यांदा मी काही मागत होते आणि ते ऐकायला शेजारी कुणी नव्हतं.

आता माझ्या सुनेच्या फोनवर प्रार्थना-विनंत्यांचा एक ग्रुप आहे. कुणाच्या पित्ताशयात खडे, कुणाच्या मुलाचं कुणाशी बिनसलं, सगळं नावानिशी येतं आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. सून मला वाचून दाखवते. मी ऐकते, आणि ज्याचं नाव आलं त्याला विचारून टाकलं होतं का, असं दर वेळी विचारते. ती म्हणते, "आई, प्रार्थनेसाठीच तर टाकलंय." मलाही तेव्हा असंच वाटलं होतं.

त्या वर्षीचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपत आला होता. माय आणि ताई धानाच्या बांधीतून येऊन पाय धूत होत्या तेव्हा मार्थाबाई एकट्याच आल्या. चपला हातात, लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल. बाबा घरीच होते. मी आत सूप घेऊन पाखडत बसले होते, तिथून ओसरी दिसायची. मायनं चहा ठेवते म्हटलं तर त्या म्हणाल्या, "पहले बात. चाय बाद में." आणि त्या येऊन बरोबर ताईच्या उजव्या हाताला बसल्या.

"पोरी, कानाचं राहू दे. माझा पोरगा मिलमध्ये दिवसभर आरडाओरडा करते, घरी त्याले बोलाचंच नसते. मले लागलं ते वेगळं. तुम्ही लपवलं काऊन?"

बाबा म्हणाले, "लपवलं ते आमी. पोरीले बोल नका लावू."

"मी तिला विचारते, भाऊ."

ताई पायावरचा चिखल नखानं काढत होती. म्हणाली, "मी सांगणार होती. त्या दिवशी. विहिरीजवळ त्यायले आधी, मग तुमाले. आठ दिवस देवाजवळ हिंमतच मागून राहिली होती मी."

आत माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं कान बरा करायला मागितलंच नव्हतं. अंगणात मी पुरं न ऐकलेलं ते वाक्य असं होतं: माझ्या कानाचं मला माझ्या तोंडानं सांगू दे.

मार्थाबाई म्हणाल्या, "आता हे मी कसं खरं मानू? आता तर सगळंच उघड झालं. आता कोणीही म्हणेल, सांगणारच होतो."

"नका मानू," ताई म्हणाली. "मले तुमाले पटवता नाही येणार. चहा मात्र घेऊन जा. चिखलातून आल्या."

मी तिच्या जागी असते तर रडले असते, बायबलवर हात ठेवला असता, काय काय केलं असतं. मार्थाबाईंनी चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर मारत. सगळा संपवला आणि म्हणाल्या, "इतवार को लड़के को भेजती हूँ. तुमची विहीर अजून जागेवर आहे ना?"

विनय रविवारी उपासनेनंतर आला. मला बाबांबरोबर नहरावर पाठवण्यात आलं. बाबांना त्या दिवशी नहरावर काही काम नव्हतं. आम्ही दोघं दाराच्या चाकाशेजारी बसून राहिलो आणि बाबा, माझ्यासमोर, कितीतरी दिवसांनी पुटपुटले. मी ऐकलं नाही. विहिरीजवळ ते दोघं काय बोलले तेही मला आजपर्यंत ठाऊक नाही. घरी आलो तेव्हा विनय ओसरीत बसून आजीचा कंदील दुरुस्त करत होता आणि माय चिले काढत होती, एवढ्यावरून जे समजायचं ते समजलो.

धान घरात आल्यावर लग्न झालं. ढेकीवर नावं परत आली, आजी चुलीला परत दमात घेऊ लागली. ताई मात्र त्या घरात देवाशी पुन्हा कधी मोठ्यानं बोलली नाही. सगळे तिच्याशी पूर्वीसारखे होते, ती माझ्याशीही पूर्वीसारखी होती, माझी वेणी घालायची, माझ्या ताटातला झिंगा पळवायची, पण अंगण ती गप्प सारवायची, सासरी जाईपर्यंत.

लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आम्ही दोघी सांदवाडीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी तिच्या उजव्या हाताला. बऱ्याच गोष्टी झाल्या, सासूबाईंच्या, मिलच्या भोंग्याच्या, गोंदियात नळाला पाणी कधी येतं त्याच्या. मग मी धीर करून म्हटलं, "ताई, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. मनात. कोणाले ऐकू जात नाही."

तिनं हातातली शेंग पुरी सोलली, दाणे टोपलीत टाकले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कर. पण इस्तर, यापुढं माझ्यासाठी देवाले काही मागाचं असलं, तर आधी मले विचार."